पानगळीच्या रानातले सत्र : एपिंग फॉरेस्टमधील प्रकल्प नोंदी

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

पहिलीच्या वर्गाचे रानसत्र आजपासून सुरू झाले. लंडनच्या ईशान्येला, एसेक्समधील लाउटन गावाच्या बाजूने एपिंग फॉरेस्टमध्ये शिरले की जुन्या बीच आणि हॉर्नबीम वृक्षांच्या पलीकडे सिल्व्हर बर्चच्या झाडांमधली एक मोकळी जागा लागते. दर गुरुवारी सकाळी वर्गाला तेथेच न्यायचे आणि नाताळच्या सुट्टीपर्यंत जागा बदलायची नाही, असे ठरले आहे. मुले पाच-सहा वर्षांची आहेत. दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस, प्रथमोपचाराची पिशवी, हात धुण्यासाठी पाण्याचे कॅन, बदलायचे कपडे, एक ताडपत्री, दोऱ्या आणि भिंगे एवढेच सामान सोबत आहे. छापील कार्यपत्रिका मुद्दाम घेतलेल्या नाहीत.

जागा एकच ठेवण्याबद्दल सहकाऱ्यांत मतभेद होते. दर आठवड्याला नवे काही दाखवले नाही तर मुले कंटाळतील, असे एका बाजूचे म्हणणे होते. माझे मत उलट आहे. पानगळ ही सावकाश घडणारी गोष्ट आहे, आणि आधी काय होते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच बदल दिसतो. नव्या जागी गेलेल्या मुलाला फक्त नवी जागा दिसते.

सीमा म्हणून झाडांना लाल फिती बांधल्या आणि मुलांकडूनच त्या सीमेची फेरी मारून घेतली. फितींच्या आत कोठेही जाण्यास परवानगी लागत नाही. फितींच्या बाहेर मात्र मोठ्यांनीसुद्धा एकट्याने जायचे नाही, आणि शिट्टी वाजली की हातातले टाकून ताडपत्रीखाली यायचे. पहिल्या तासाभरात बहुतेक मुले आमच्याच अवतीभोवती घुटमळत होती आणि ‘आता काय करायचे?’ असे पुन्हा पुन्हा विचारत होती. शाळेच्या पटांगणावर घसरगुंडीच काय करायचे ते सांगते. रानात तसे सांगणारे काही नसते. या प्रश्नाला उत्तर न देता थांबणे हेच आमच्या कामातले सर्वांत अवघड काम आहे. मदतीला आलेल्या एका पालकांना ते फारच जड गेले आणि त्यांनी काही मुलांना जमवून काठ्यांचे घर बांधायला घेतले. घर झकास झाले, पण ते बांधून होईपर्यंत मुले बघत उभी होती.

१८ सप्टेंबर २०२५, गुरुवार

यंदा एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या टोपीवाल्या फळांचा, सुकाळ आहे. ओक आणि बीच काही वर्षांतून एकदा एकाच वेळी भरमसाट फळतात. खाणाऱ्यांची पोटे भरूनही बी शिल्लक राहावे, असा त्यामागचा एक हिशेब सांगितला जातो. शिवाय यंदाचा उन्हाळा १८८४ पासूनच्या ब्रिटनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण ठरला आहे आणि रानात त्याच्या खुणा जागोजागी दिसतात. बर्चची पाने सप्टेंबरातच पिवळी पडू लागली आहेत.

सीमेच्या कडेला असलेल्या ओकखाली ‘जे’ नावाचा पक्षी उतरला. हा कावळ्याच्या कुळातला असला तरी अंगाने गुलाबी-तपकिरी असतो आणि पंखावर निळा पट्टा असतो. तो एका फेरीत अनेक एकॉर्न घशात भरून नेतो, ते वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीत खोचून ठेवतो आणि हिवाळ्यात बरेचसे शोधून काढतो. जे एकॉर्न राहून जातात त्यांतून ओक उगवतात. मी यातले काहीही सांगण्याआधीच एका मुलीने त्याला चोचीने पाने उपसून ती पुन्हा वर ओढताना पाहिले आणि ‘तो लपवतोय’ अशी वर्दी दिली. मग सगळ्यांनाच लपवायचे होते. प्रत्येकाने दहा एकॉर्न मोजून घेतले आणि आपापल्या जागी पुरले. जागेवर खूण ठेवायची की नाही यावर बराच वाद झाला, आणि पक्षी खूण ठेवत नाही म्हणून आपणही ठेवायची नाही, असा निर्णय मुलांनी घेतला.

काठ्यांचा नियम आज लागू केला. स्वतःच्या हाताएवढी काठी हातात घेऊन चालता येते. त्याहून लांब असेल तर एक टोक जमिनीवर ओढत न्यायची, किंवा दोघांनी दोन टोकांना धरायची. हा नियम मुलांना बंदीपेक्षा फार लवकर पटतो, कारण त्यात काठी हातातून काढून घेतली जात नाही.

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

आज विजयादशमी. वर्गातील एका मराठी घरच्या मुलाने ताडपत्रीखाली जमलेल्या सगळ्यांना बर्चचे एकेक पिवळे पान ‘सोने’ म्हणून दिले आणि मोठ्यांच्या पाया पडला. त्यानंतर अर्धा वर्ग एकमेकांच्या पाया पडत फिरत होता. या गडबडीत पिवळी पाने मोठ्या प्रमाणात गोळा झाली, आणि त्यातूनच पुढचा खेळ निघाला.

दोन मुलांनी पडलेल्या ओंडक्यावर पानांची रांग लावली. एका टोकाला हिरवे, मग कडेने पिवळे होऊ लागलेले, मग पूर्ण पिवळे, ठिपके आलेले, आणि दुसऱ्या टोकाला कुरकुरीत तपकिरी. मधली पायरी सापडत नसली की ती दोघे ती शोधायला उठत. शिरांजवळ हिरवे राहून कडेला पिवळे झालेले एक पान मिळाल्यावर दोघांनी ते रांगेत तीनदा जागा बदलून ठेवले. पडद्याचा रंग उन्हाने उडतो तसा पानांचा रंग उन्हाने उडतो, असे एका मुलीचे म्हणणे पडले; तिच्या घरच्या खिडकीचा पडदा तसा झाला आहे.

खरे कारण वेगळे आहे. दिवस लहान होऊन थंडी वाढू लागली की झाड पानातील हरितद्रव्य मोडते, पानातला उपयोगी भाग माघारी घेते, आणि आधीपासून पानात असलेली पिवळी द्रव्ये उघडी पडतात. काही झाडांच्या पानांतला लाल रंग मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. हे मी सांगितले नाही. पाच वर्षांच्या मुलीने स्वतःच्या निरीक्षणातून मांडलेला तर्क तपासण्याजोगा असेल, तर तो आधी तपासावा. त्यासाठी एकाच बर्चच्या उन्हातल्या फांदीला लाल आणि सावलीतल्या फांदीला निळी लोकर बांधून ठेवली.

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

आजचा सगळा वेळ एका कुजक्या ओंडक्याने घेतला. तो उलटल्याबरोबर खालचे करडे, खवलेदार पाठीचे वुडलाउस अंधाराच्या दिशेने पळू लागले. त्यांतला एक जण अंग आक्रसून हुबेहूब काळ्या मण्यासारखा झाला. तो मणी एका मुलाच्या तळहातावर होता. मुलाने श्वास रोखून धरला होता, शेजारच्यांना ‘बोलू नका’ असे दटावले होते, आणि बऱ्याच वेळाने मण्याला एक फट पडून आतून आधी मिशा आणि मग पायांच्या बारीक ओळी हलत बाहेर आल्या. मग पायांची मोजणी सुरू झाली. एकाने बारा मोजले, एकीने वीस, आणि भिंगाखाली पुन्हा पुन्हा मोजून चौदावर एकमत झाले. ते बरोबर आहे.

वुडलाउस हा कीटक नसून खेकडा-कोळंबीच्या नात्यातला जीव आहे आणि त्याला श्वासासाठी ओल लागते, म्हणून ओंडका उघडा ठेवला तर त्याचे हाल होतात. एवढे कारण कळल्यावर ओंडका जसा होता तसाच परत ठेवण्याचे काम मुलांनी इतक्या कसोशीने केले की त्याखाली कोणाचे बोट येऊ नये म्हणून आम्हालाच मध्ये पडावे लागले. गोम आणि वाणी यांतला फरकही निघाला. गोमेच्या एका वळ्याला पायांची एक जोडी असते आणि वाणीच्या बहुतेक वळ्यांना दोन.

एपिंगमध्ये हरणे आहेत. येथील फॅलो हरणे त्यांच्या काळसर रंगासाठी ओळखली जातात. जेथे हरणे तेथे गोचिडीही असते, आणि तिच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. त्यामुळे पँटचे पाय मोज्यांत खोचणे आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला तपासणे याबद्दलची सूचना पालकांना पुन्हा पाठवली आहे.

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

पाऊस पडून गेल्यामुळे अळंब्या फुटल्या आहेत. बर्चखाली लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली फ्लाय अ‍ॅगॅरिक उगवली आहे. ही अळंबी विषारी आहे, आणि चित्रांच्या पुस्तकांमुळे मुलांना ती अगदी ओळखीची वाटते, ही अडचणीची गोष्ट आहे. एपिंगमध्ये अळंब्या तोडण्यास तशीही मनाई आहे. ‘हात पाठीमागे, डोळे पुढे’ हा नियम येथे चालतो, पण नुसत्या मनाईवर पाच वर्षांच्या मुलाचे कुतूहल फार वेळ थांबत नाही. म्हणून काड्यांना छोटे आरसे चिकटवून आणले होते. आरसा छत्रीखाली धरला की अळंबीला न शिवता तिच्या पोटाखालच्या पातळ पाकळ्या दिसतात. मुले चिखलात पालथी पडून आरसे फिरवत होती. एकाला त्यात अळंबीऐवजी स्वतःचे नाक दिसले आणि तो खेळ वेगळाच झाला.

शाळेत परतल्यावर भाषेच्या तासाला शिक्षकांनी कोणताही विषय दिला नाही. तरीही एरवी दोन शब्दांवर पेन्सिल टाकणाऱ्या एका मुलाने तीन ओळी लिहिल्या. यावरून काही सिद्ध होत नाही, तथापि नोंद करून ठेवतो.

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

जोराच्या वाऱ्याचा इशारा असल्यामुळे आज रानात गेलो नाही. पाऊस असो वा थंडी, सत्र होते. वाऱ्याला मात्र येथे सवलत नाही, आणि त्याचे कारण या रानाच्या इतिहासात आहे.

एपिंगमधली जुनी बीच आणि हॉर्नबीम झाडे सरळ वाढलेली नाहीत. माणसाच्या डोक्याच्या वर, गुरांच्या आणि हरणांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर त्यांच्या फांद्या जळणासाठी छाटल्या जात, फुटवा येई आणि काही वर्षांनी पुन्हा छाटणी होई. लाउटनच्या रहिवाशांना हा हक्क परंपरेने होता आणि हंगामाची सुरुवात ११ नोव्हेंबरला होई. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी रानाला कुंपणे घालायला सुरुवात केली, तेव्हा थॉमस विलिंगेल या मजुराने आणि त्याच्या कुटुंबीयांनी छाटणी चालूच ठेवली, आणि घरातल्या काहींनी त्यापायी तुरुंगही पाहिला. अखेर १८७८ च्या एपिंग फॉरेस्ट कायद्याने रान सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनच्या ताब्यात लोकांसाठी राखले गेले. त्यात छाटणीचा हक्क मात्र संपला. भरपाईच्या पैशांतून लाउटनमध्ये लॉपिंग हॉल, म्हणजे छाटणीच्या नावाचे सभागृह, उभे राहिले. सुमारे २,४०० हेक्टरांचे हे रान आज आमच्या मुलांना खेळायला मिळते ते त्या भांडणामुळे.

छाटणी थांबल्यावर या बुटक्या खोडांवरच्या फांद्या दीडशे वर्षे वाढत राहिल्या. खोड पोकळ आणि वरचा भार प्रचंड, अशी कित्येक झाडांची स्थिती आहे, आणि पाने पूर्ण गळण्याआधी वारा सुटला तर तो भार आणखी वाढतो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी जायचे नाही.

आजचा वेळ पद्धतीबद्दलच्या टिपणासाठी वापरला. ‘फॉरेस्ट स्कूल’ या नावाने ब्रिटनमध्ये ओळखली जाणारी पद्धत १९९३ मध्ये सॉमरसेटमधील ब्रिजवॉटर कॉलेजच्या बालशिक्षण विभागातील मंडळी डेन्मार्कला भेट देऊन आली, त्यानंतर रुजली. दीर्घकाळ आणि नियमितपणे जाणे, मुलांच्या कलाने चालणे, धोक्याची ओळख टप्प्याटप्प्याने करून देणे आणि सोबत प्रशिक्षित व्यक्ती असणे ही तिची मुख्य तत्त्वे आहेत. मात्र लहान मुलांना उघड्यावर शिकवण्याचा विचार लंडनला त्याआधीपासून ठाऊक होता; मॅकमिलन भगिनींनी १९१४ मध्ये डेप्टफर्डच्या गरीब वस्तीत उघड्या हवेतली बालशाळा काढली होती. मराठी वाचकाला तर कोसबाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली आणि कुरणशाळा चालवल्या. फरक एवढाच की तेथील मुले रानातलीच होती आणि त्यांच्यापर्यंत शाळा पोचवायची होती. आमच्या मुलांना शाळा आहे, रान मिळवून द्यावे लागते.

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

सत्रमध्य सुट्टीनंतरचा पहिला गुरुवार. घड्याळे २६ ऑक्टोबरला एक तास मागे गेली आहेत आणि रानाचे रूप इतके पालटले आहे की काही मुलांना आपली जागाच ओळखू येईना. ‘आपले झाड कोणते?’ असे विचारत ती लाल फिती शोधू लागली. घोट्यापर्यंत पाने साचली आहेत. पहिला अर्धा तास फक्त पानांत पडणे, पाने उधळणे आणि एकमेकांना पुरणे यात गेला, आणि तो तसाच जाऊ दिला.

लोकरीचा निकाल असा. निळ्या लोकरीच्या, म्हणजे सावलीतल्या, फांदीवर अजून काही पाने पिवळट हिरवी आहेत आणि लाल लोकरीची फांदी बोडकी झाली आहे. पडद्याचा तर्क मांडणारी मुलगी त्यामुळे विजयी मुद्रेने हिंडत होती. तिचा तर्क या पुराव्याने खोटा ठरत नाही, हे मान्य करावे लागते. पण एका मुलाने सावलीतली जी पाने खाली पडली होती ती आणून दाखवली. तीही पिवळीच होती. ‘मग यांचा रंग कोणी उडवला?’ या त्याच्या प्रश्नावर तिने विचार करून सांगते असे म्हटले आहे.

पुरलेले एकॉर्न शोधण्याचा कार्यक्रमही झाला. दहांपैकी तीन सापडले तो सर्वांत यशस्वी ठरला; बहुतेकांना एकही मिळाला नाही. ते कोणी नेले, खारीने, उंदराने की त्याच ‘जे’ पक्ष्याने, यावर तर्कवितर्क चालले. एकाच्या हाती फुटलेला, पांढरे मूळ बाहेर काढलेला एकॉर्न लागला. ओकची बी शरदातच मूळ धरू लागते, त्यामुळे यात नवल नाही, पण त्याने तो उपटला नाही. माती पुन्हा ओढली आणि त्याभोवती काड्यांचे कुंपण केले.

संध्याकाळी पालकसभेत थंडीचा विषय निघाला. सर्दी गारठ्याने होत नाही, विषाणूने होते, हे सांगून आजींचे समाधान होत नाही, आणि खरे पाहता त्यांची काळजी अगदीच अनाठायी नाही. ओल्या मोज्यांत दोन तास काढलेले मूल शिकत नाही, ते फक्त घरी जाण्याची वाट पाहते. यावर उपाय कपड्यांचा आहे. चांगले गमबूट आणि वॉटरप्रूफ पँट दरवर्षी नव्या मापाची घेणे सर्वांना परवडत नाही, म्हणून गेल्या वर्षीच्या मुलांचे कपडे जमवून शाळेत एक कपाट केले आहे. कोण तेथून घेतो याची नोंद ठेवायची नाही, असे ठरले.

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

कडक थंडी. जमिनीवरच्या पानांच्या कडांना दहिवराची पांढरी किनार होती. मुले त्यांवर पाय देऊन होणारा आवाज ऐकत चालली.

बीचच्या एका रोपट्याने आजचा प्रश्न विचारायला लावला. मोठी झाडे उघडी झाली असताना खालच्या लहान बीचवर आणि हॉर्नबीमच्या काही फांद्यांवर वाळकी तपकिरी पाने तशीच चिकटून आहेत. ही तरुण झाडे वसंतापर्यंत पाने सोडत नाहीत. कारणाबद्दल जाणकारांत एकवाक्यता नाही, आणि मुलांना मी तेच सांगितले. मोठ्यांनाही न सुटलेला प्रश्न आपल्यासमोर आहे, याचा त्यांना भलताच आनंद झाला. हरणांना वाळके पान आवडत नसेल, म्हणून कळ्या वाचतात, हा त्यांच्यातल्या एकीचा अंदाज अभ्यासकांनीही मांडलेला आहे.

त्या ओघात कळ्याही दिसल्या. ‘झाड मेले’ असे ठासून सांगणाऱ्या मुलाच्या हाती भिंग देऊन फांदी जवळ आणली. पान गळले त्या जागी लहानसा व्रण, आणि त्याच्या लगेच वर बीचची लांब, टोकदार, तांबूस कळी. पुढच्या वर्षीचे पान आधीच तयार आहे, यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने बाकीच्या फांद्या एकेक करून तपासल्या.

रानात विस्तव पेटवता येत नाही, म्हणून परतल्यावर शाळेच्या आवारातील लोखंडी शेगडीवर दूध तापवले. मुलांनी बटाट्याच्या सोलाण्याने काड्यांची साल काढून त्यांवर ब्रेडचे तुकडे भाजले. सोलाणे नेहमी अंगापासून दूर, शेजाऱ्यापासून हातभर अंतरावर. शेगडीभोवती गुडघा टेकून बसण्याचा नियम एकानेही मोडला नाही. ज्या मुलांवर वर्गात दिवसभर ‘नीट बस’ म्हणून ओरडावे लागते, त्यांचाही त्यात समावेश आहे.

४ डिसेंबर २०२५, गुरुवार

एकाच जागेची किंमत आता जमिनीवर दिसते. मोकळ्या जागेच्या मधोमध शेवाळ उरलेले नाही, पाने तुडवून चिखल झाला आहे आणि दोन झाडांमधून नवी पायवाट पडली आहे. जुन्या बीचच्या मुळांवर खेळू द्यायचे नाही, हे आम्ही सुरुवातीपासून पाळले, कारण दबलेल्या मातीत हवा आणि पाणी शिरत नाही आणि त्या वृद्ध झाडांना ते सोसत नाही. बर्च लवकर वाढणारा असला, तरी त्यालाही माती लागतेच.

मुलांनी याची मोजणी केली. एकच काडी, एकच मूल, तेवढ्याच जोराने: खेळण्याच्या जागी काडी नखभर आत गेली, सीमेच्या कडेला काटेरी ब्रॅम्बलच्या जाळीखाली बोटभर. वेगवेगळ्या ठिकाणी करून पाहिले तरी फरक तोच. ‘आम्ही जमीन दाबली’ असे म्हणून काही जण त्या भागावर टाचा उचलून चालू लागले, ज्याने अर्थातच भार आणखी एकवटतो. हे त्यांना काडीचे टोक आणि तळहात यांच्या साहाय्याने दाखवले.

जानेवारीपासून जागा हॉर्नबीमच्या बाजूला हलवावी आणि बर्चची मोकळी जागा किमान वर्षभर मोकळी सोडावी, असा प्रस्ताव मी मांडला आहे. पूर्वी जागा न बदलण्याचा आग्रह धरणारा मीच होतो, आणि एका सत्रापुरता तो आग्रह अजूनही कायम आहे. त्यापलीकडे तो रानाला महाग पडतो. मुलांचा या स्थलांतराला विरोध आहे. त्यांचे एकॉर्न, कुंपण केलेले रोप आणि वुडलाउसचा ओंडका तेथे आहे. तडजोड म्हणून, महिन्यातून एकदा दोन-दोन मुलांनी एका शिक्षकासोबत जाऊन पाहणी करायची आणि काडी टोचून ती किती आत गेली ते वर्गाच्या तक्त्यावर लिहायचे, असे ठरले आहे. नव्या जागेसाठी कॉर्पोरेशनच्या परवानगीचा अर्ज, धोके आणि लाभ यांची लेखी पाहणी, आणि अकरा व बारा मापाचे गमबूट, ही कामे सुट्टीआधी करायची आहेत.